खरारा, गळ आणि ‘डिजिटल अरेस्ट’

गेल्या आठवड्यात दहावीच्या मुलांकडून मला समाजमाध्यमांच्या धोक्यांवर इंग्रजीत व्ह्यू-काउंटरव्ह्यू, म्हणजे एकाच विषयाच्या दोन विरुद्ध बाजू, लिहून घ्यायचे होते. त्याची तयारी म्हणून फळ्यावर वीसेक शब्द लिहून दिले आणि प्रत्येकाचे एक वाक्य करून आणायला सांगितले. एका मुलीने सुवाच्य अक्षरात लिहून आणले, ‘ग्रूमिंग इज अ गुड हॅबिट.’ मी लाल पेन उचलले आणि पुन्हा खाली ठेवले, कारण तिचे तसे काहीच चुकलेले नव्हते. आमच्या बसस्टँडसमोर व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासची जी पाटी आहे तिच्यावर हाच शब्द मोठ्या अक्षरांत आहे, आणि सलूनमध्ये दाढीच्या तेलाच्या बाटलीवरही तोच असतो.

इंग्रजीत ग्रूम म्हणजे घोड्याची निगा राखणारा, आपल्याकडचा मोतद्दार, आणि ग्रूमिंग म्हणजे खरारा. खरारा करणाऱ्याला घाई करून चालत नाही. रोज थोडा थोडा हात फिरवून जनावराला त्या हाताची सवय लावावी लागते. लहान मुलांच्या संदर्भात हा शब्द येतो तेव्हा हे चित्र डोळ्यांसमोर ठेवले तर व्याख्या पाठ करावी लागत नाही. कौतुक करून, गेममधली नाणी किंवा रिचार्ज देऊन, ‘हे आपल्या दोघांतच ठेव’ असे बजावत एखादा प्रौढ माणूस मुलाचा विश्वास मिळवतो आणि त्याला हळूहळू लैंगिक शोषणापर्यंत नेतो, त्या सगळ्या प्रक्रियेचे हे नाव आहे. मराठीत ‘फूस लावणे’ त्याच्या जवळ जाते, पण फूस लावली म्हटले की पळवून नेणे मनात येते, आणि येथे तर मूल आपल्याच घरात, आपल्याच शेजारी बसलेले असते. 2012 च्या पॉक्सो कायद्याने इलेक्ट्रॉनिक किंवा डिजिटल साधनांनी लैंगिक हेतूने मुलाशी वारंवार संपर्क साधणे हा लैंगिक छळ मानला आहे, ही गोष्ट पालकसभेत सांगितली तर निम्म्याहून अधिक चेहऱ्यांवर आश्चर्य दिसते.

‘बुलिंग’ शिकवताना अडचण निराळी येते. काही वर्षांपूर्वी एका मुलाने मला सांगितले होते की वर्गाच्या ग्रुपवर त्याला चिडवतात. ‘लक्ष देऊ नकोस’ असे सांगून मी मोकळी झाले. त्याच्या फोटोचे स्टिकर करून दोन महिने रोज रात्री ते ग्रुपवर टाकले जात होते आणि टाकणाऱ्यांत वर्गातली सगळी वजनदार मुले होती, हे नंतर कळले. त्याने वापरलेला ‘चिडवतात’ हा शब्द मी माझ्या लहानपणीच्या अर्थाने ऐकला होता. बुलिंगमध्ये दोन गोष्टी गृहीत असतात: त्रास पुन्हा पुन्हा दिला जातो, आणि देणाऱ्याचे पारडे जड असते. ‘छळ’ हा शब्द त्याला योग्य आहे, परंतु चौदा वर्षांचा मुलगा आपल्या तोंडाने ‘माझा छळ होतो’ असे म्हणत नाही. ‘बुली करतात’ असे मात्र आता मुले सहज म्हणतात. भाषाशुद्धीचा आग्रह मी एरवी धरते, येथे धरत नाही.

बाकीचे बरेच शब्द मासेमारीतून आलेले आहेत आणि ते मराठी मुलांना चटकन समजतात, कारण गळाला लागणे, आमिष दाखवणे, जाळ्यात ओढणे ही सगळी सामग्री आपल्याकडे आधीपासून आहे. फिशिंग म्हणजे खोट्या संदेशाचे आमिष दाखवून पासवर्डसारखी गुप्त माहिती काढून घेणे. त्याच्या स्पेलिंगमध्ये एफऐवजी पीएच असते, ते 1990 च्या दशकात पासवर्ड उकळणाऱ्या हॅकरमंडळींच्या हौसेमुळे. खोटी ओळख घेऊन एखाद्याला प्रेमात गुंतवणाऱ्याला कॅटफिश म्हणतात, आणि हा अर्थ 2010 च्या त्याच नावाच्या अमेरिकन माहितीपटामुळे पसरला. ट्रोल म्हटल्यावर मुलांना गोष्टीतला राक्षस आठवतो. तोही अर्थ आता त्यात मिसळला असला, तरी इंटरनेटवरच्या ट्रोलिंगमागे चालत्या होडीमागून गळ ओढत नेण्याची क्रिया आहे: चिथावणीचे वाक्य पाण्यात सोडायचे आणि कोण चिडून तोंड उघडतो याची वाट पाहायची. मराठी वृत्तसंकेतस्थळांवर हल्ली कोणावरही साधी टीका झाली तरी तो ‘ट्रोल झाला’ असे छापून येते, त्यामुळे टीका आणि उपद्रव यांतला फरक पुसला जातो, याची मला चीड आहे.

वहीतल्या यादीत नसलेला एक शब्द मुलांनीच सुचवला: डिजिटल अरेस्ट. हे इंग्रजी इंग्लंड-अमेरिकेचे नाही, ते आपल्याकडच्या भामट्यांमुळे रूढ झालेले आहे. व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा गणवेश, मागे कार्यालयाचा देखावा, आणि ‘कॅमेऱ्यासमोरून उठायचे नाही, कोणाला सांगायचे नाही’ असा हुकूम. कायद्यात अशी अटकच नाही, हे ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधानांना ‘मन की बात’मधून सांगावे लागले. एका मुलाच्या आजोबांना असा फोन आला होता. त्यांनी ‘अरेस्ट’ हा शब्द ऐकला आणि पुढचे तीन तास ते जेवायलाही उठले नाहीत. नातू शाळेतून घरी आला, त्याने फोन बंद केला आणि 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावला, म्हणून पैसे वाचले.

‘मिसइन्फर्मेशन’ आणि ‘डिसइन्फर्मेशन’ यांतला भेद सांगताना मी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याचे उदाहरण घेते. 1 जुलै 2018 रोजी मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून तेथे जमावाने भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठार मारले. असा संदेश खोटा आहे हे ठाऊक असून जो तयार करतो त्याचे ते डिसइन्फर्मेशन, आणि खरा समजून काळजीपोटी जो पुढे ढकलतो त्याचे मिसइन्फर्मेशन. मराठीत दोन्ही अफवाच. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. वर्गात हे सांगितल्यावर मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, ‘मग पाच जणांना पाठवलेले चालते का?’

त्या मुलीच्या वहीत मी शेवटी वाक्य खोडले नाही. त्याखाली शब्दाचा दुसरा अर्थ मराठीत चार ओळींत लिहिला आणि नवे वाक्य करायला सांगितले. दुसऱ्या दिवशी वही परत आली तेव्हा वाक्याच्या जागी पेन्सिलीने एक प्रश्न होता: ‘मॅडम, माणूस ओळखीचा असेल तर वेगळा शब्द असतो का?’

नसतो, असे मी त्याच पानावर लिहिले, आणि मधल्या सुट्टीत तिला एकटीला ग्रंथालयात भेटायला सांगितले.