झाकण उघडल्यावर येणारा वास

शनिवार, रात्री

परक्या शहरात नव्यानं राहायला आलं की कुतूहलापोटी आणलेल्या बरण्या फ्रिजच्या दारात साठत जातात. झाकण उघडलं, वास घेतला, नाक मुरडलं, बरणी मागे सरकली. हा त्या पदार्थावर अन्याय आहे. यातलं बरंचसं नुसतं चाटून बघायचं नसतंच. ते कशात, किती आणि कधी घालायचं हे कळल्यावरच त्याची चव कळते.

फिश सॉस घ्या. अँकोव्ही मासे मिठात महिनोन्‌महिने मुरवून त्यांचं पाणी काढतात, वास उग्र येणारच. पण दोघांपुरत्या भाज्या परतताना कढई कडक तापलेली असताना कडेनं एक छोटा चमचा सोडला, की उग्रपणा ओसरतो आणि चव मागे राहते. मीठ त्यानंतर, चाखून. व्हिएतनामी नुओक चाम (बुडवून खायची पातळ चटणी) करायचं तर फिश सॉस, लिंबाचा रस आणि साखर प्रत्येकी एक भाग, पाणी चार भाग. साखर आधी कोमट पाण्यात विरघळवावी, नाहीतर तळाशी बसते.

मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या जपानी लगद्याचं, बिघडतं ते घाईनं. खळखळ उकळत्या भांड्यात चमचाभर मिसो टाकला की गुठळ्या राहतात आणि सुगंध वाफेबरोबर जातो. आधी दाशी (सूपसाठीचं चवदार पाणी) करायची: एक लिटर थंड पाण्यात १० ग्रॅम कोंबू (वाळवलेलं समुद्री शेवाळ) अर्धा तास भिजवून मंद आचेवर ठेवायचं आणि उकळी फुटायच्या आत काढून घ्यायचं. उकळलं तर पाणी बुळबुळीत, कडवट होतं. याच कोंबूतून किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिलं. मग गॅस बंद. डावात थोडी गरम दाशी घेऊन त्यातच मिसो कालवायचा, डाव भांड्यात सोडायचा. वाटीभर दाशीला एक मोठा चमचा मिसो पुरे. लाल मिसो जास्त खारट, तो थोडा कमी.

ताहिनीत, म्हणजे तिळाच्या पातळ वाटणात, मात्र डोळे फसवतात. १०० ग्रॅम ताहिनीत दोन मोठे चमचे लिंबाचा रस घालून ढवळलं की ती सैल व्हायच्या ऐवजी घट्ट, दाणेदार, फाटल्यासारखी होते. इथंच तेल ओतण्याची चूक होते. तिळाच्या कणांनी थोडंसं पाणी शोषून एकमेकांना धरलेलं असतं, त्यांना आणखी पाणीच हवं असतं. थंड पाणी एकेक चमचा घालत, दर वेळी फेटत राहायचं. पाच-सहा चमच्यांत रंग उजळतो आणि चमच्यावरून पट्टीसारखी धार पडू लागते. बरणीत वर तेल तरंगत असेल तर ते फेकू नये, तळापासून ढवळून घ्यावं.

किमचीचं, म्हणजे कोबीच्या आंबवलेल्या कोरियन लोणच्याचं, झाकण बेसिनवरच उघडावं. आंबताना वायू धरतो, रस उसळतो. पानं स्वच्छ चमच्यानं रसाखाली दाबून ठेवावीत. शाकाहारी माणसानं लेबल वाचल्याशिवाय घेऊ नये, कारण तिच्यात बहुधा मासळीचा किंवा कोळंबीचा अर्क असतो. आणि फार आंबट झाली म्हणून टाकू नका. किमची-जिगेसाठी, त्या तिखट रश्शासाठी, आंबटलेलीच लागते: रसासकट दहा मिनिटं परतून मग पाणी घालायचं, शेवटी टोफूच्या जाड चकत्या.