कुईकुई करणारे डबे आणि तेलाचं प्रकरण

माझ्या मॉडेल रेल्वेतल्या मालगाडीच्या रेकचं (डब्यांच्या संचाचं) काम बरंच पुढे सरकलंय, बहुतेक डबे आता गप्प आहेत, मोजकेच अजून कुरकुरतायत त्यांचं शेवटी सांगतो.

आवाज आला की पहिला हात तेलाच्या बाटलीकडे जातो पण त्याआधी आवाज नक्की कुठून येतोय ते बघा. डबा उलटा धरायचा आणि एकेक एक्सल (दोन चाकं जोडणारा दांडा) बोटाने फिरवायचा, जो चटकन थांबतो तोच बहुतेक वेळा ओरडणारा असतो. सरळ रुळावरसुद्धा कुईकुई होत असेल तर ती एक्सलच्या टोकाची, आणि फक्त वळणावरच होत असेल तर चाकाचा फ्लँज (आतल्या बाजूची उठलेली कड) रुळाच्या कडेला घासतोय, तिथे तेलाचा काही संबंध नाही. तिथे तेल घातलंत तर ते रुळावर पसरणार, त्यावर धूळ बसून काळा चिकट थर होणार, इंजिनाची चाकं घसरणार आणि रुळातून चाकांना मिळणारा करंट तुटायला लागणार.

आता टोकाबद्दल. एचओ (१:८७ स्केलच्या) डब्यांचे एक्सल बहुतेक सुईसारखे टोकदार असतात आणि ती टोकं साइडफ्रेममधल्या (चाकांच्या बाजूच्या चौकटीतल्या) शंकूच्या आकाराच्या खळग्यात फिरतात. खळग्यात घाण किंवा प्लॅस्टिकचा बुर (कडेला राहिलेला खरखरीत कण) राहिला असेल तर टोक अडकतं, सुटतं, परत अडकतं, आवाज त्याचाच. म्हणून मी आधी सगळे एक्सल काढून चिमट्याने गुंडाळलेले केस आणि गालिच्याचे धागे ओढून काढले (किती निघाले ते विचारू नका), टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, खळगे रीमरने (खळगा कोरायच्या छोट्या हत्याराने) हलक्या हाताने साफ केले, जास्त फिरवलं की खळगा खोल होतो आणि एक्सल सैल पडतो. यातच निम्म्याहून जास्त डब्यांचा आवाज बंद झाला, तेलाचा थेंबही न लावता.

उरलेल्यांसाठी साइडफ्रेमचं प्लॅस्टिक कुठलं हे महत्त्वाचं. डेलरिन म्हणजे असेटल असेल तर ते मुळातच निसरडं, मेटल एक्सल त्यात कोरडाच छान फिरतो, तिथे काही घालू नये असं माझं मत. पॉलिस्टायरीन आणि एबीएसला मात्र जपावं लागतं, कारण साधं मिनरल तेल किंवा सॉल्व्हंटवाला स्प्रे लागला की ताणाखाली असलेल्या जागी बारीक चिरा पडतात, आणि त्या लगेच दिसत नाहीत हीच गोची आहे. साइडफ्रेम तर एक्सल पकडून ठेवायला कायम थोडी ताणलेलीच असते! म्हणून डब्ल्यूडी-४० सारखे स्प्रे मी डब्यांपासून लांबच ठेवतो, आणि शिलाई मशीनचं तेलही प्लॅस्टिकवर नको.

नवीन तेल आणलं की किटच्या उरलेल्या स्प्रूचा (सुटे भाग जोडलेल्या प्लॅस्टिकच्या काडीचा) तुकडा वाकवून कपड्याच्या चिमट्यात अडकवायचा, वाकलेल्या भागावर तेल लावून रात्रभर ठेवायचा. सकाळी पांढरट रेघ दिसली किंवा तुकडा मोडला की ते तेल बाद. त्याच प्लॅस्टिकचा तुकडा मिळाला तर उत्तमच.

मी वापरतोय ते प्लॅस्टिकला चालणारं सिंथेटिक तेल, लाबेल कंपनीचं १०८ नंबरचं, पातळ आहे, लहान स्केलला बरं पडतं. १०७ जरा जाड. गिअरला ग्रीस हवं तर त्यांचंच १०६, टेफ्लॉन असलेलं. प्रमाण म्हणाल तर थेंब म्हणजे फार झालं, सुईच्या टोकाला जेवढं चिकटतं तेवढं एका खळग्याला पुरतं. थोडं फिरवून बाहेर आलेलं लगेच पुसायचं. ट्रॅक्शन टायरवर (इंजिनाच्या चाकावर पकडीसाठी बसवलेल्या रबरी कड्यावर) मात्र अजिबात जाऊ द्यायचं नाही, तेलाने रबर फुगतं आणि टायर निसटतो.

कोरड्या पावडरींचं म्हणाल तर ग्रॅफाइट निसरडं असतं पण त्यातून करंट जातो, त्यामुळे चाकाच्या इन्सुलेशनवर सांडलं तर शॉर्टची भीती. टेफ्लॉन पावडरचं उलट, ती करंट अडवते, म्हणजे लाइटवाल्या डब्यात जिथे एक्सलमधून करंट घेतलाय तिथे ती नको, तिथे पातळ तेलाचा नुसता स्पर्श पुरे. सिलिकॉन स्प्रे मी मोटरच्या आसपास येऊच देत नाही, ब्रशच्या ठिणगीत सिलिकॉनची वाफ आली की कम्युटेटरवर (मोटरच्या ज्या फिरत्या भागाला ब्रश टेकतात त्यावर) करंट न वाहू देणारा थर बसतो. शिवाय ते पसरतं इतकं की नंतर रंगही नीट धरत नाही.

तपासायला लांब फळीवर रूळ ठेवून एक टोक थोडं उचललंय, प्रत्येक डबा सोडायचा आणि कुठपर्यंत जातो ते खडूने मार्क करायचं, कानापेक्षा हे खरं सांगतं. एक डबा गप्प झाला होता पण अर्ध्यातच थांबत होता, बघितलं तर एक्सल किंचित लांब आणि साइडफ्रेममध्ये आवळून बसलेला, बदलला तेव्हा धावला.

राहिलेले डबे वळणावरचेच आहेत, त्यांच्या चाकांमधलं आतलं अंतर एनएमआरए (अमेरिकेतली मॉडेल रेल्वेवाल्यांची संघटना) गेजने, म्हणजे मापाच्या पट्टीने, तपासायला घेतलंय. एका जोडीत चाक एक्सलवर सरकलेलं निघालं, ते परत जागेवर दाबून बसवलंय आणि उद्या वळणावर चालवून बघणार.