आमची वाटचाल: तेलाच्या डब्यांपासून चिऱ्याच्या वाफ्यांपर्यंत

स्वयंपाकात वापरायच्या सुगंधी पानांची झाडं, ज्यांना आता हर्ब म्हणतात, ती लावायला सुरुवात केली 2014 साली, तेलाच्या बारा डब्यांवर. श्रीवर्धन तालुक्यात समुद्राला लागून आमची सुपारीची वाडी. सुपारीच्या झाडांच्या आळ्यांमध्ये काही लावायला सासऱ्यांचा नकार, म्हणून मी आणि धाकट्या जाऊबाई, दोघींनी विहिरीच्या कडेला डबे मांडले. पुदिना, सब्जा, गवती चहा. खाऱ्या वाऱ्याने दोन पावसाळ्यांत पत्र्याची चाळण झाली. मग निळी पिंपं आडवी कापून घेतली, आणि जाऊबाईंनी चिऱ्याचे, म्हणजे जांभा दगडाच्या ठोकळ्यांचे वाफे काढले. चिऱ्याचे दोन थर, मध्ये सिमेंट नाही, म्हणजे सांध्यांतून पाणी वाहून जातं. आता याला रेझ्ड बेड म्हणतात आणि त्याचे वर्ग भरतात. आमचा वर्ग गडगा, म्हणजे दगडी कुंपण घालणाऱ्या गड्याकडे झाला.

पुढची वर्षं बरी गेली. बेझिल आलं, ओरेगानो आलं, हॉटेलं लागली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. संध्याकाळी दार उघडलं तर घरातून समुद्र दिसत होता. सहा पिढ्यांत तो आमच्या पडवीतून कोणाला दिसला नव्हता, मध्ये सुपारी-नारळ होते ना. शेडनेट चौथ्या दिवशी देवळामागच्या पिंपळावर सापडली. पिंपं कुठच्या कुठे. चिऱ्याचे वाफे मात्र जागच्या जागी, आणि त्यांत गवती चहा नुसता आडवा झालेला. पाचव्या दिवशी होमस्टेवाल्या काकू पडलेल्या झाडांवरून चढत-उतरत आल्या. त्यांचंही छप्पर गेलं होतं. म्हणाल्या, "पाती आहे का गो? कौलं चढवणाऱ्यांना चहा द्यायचाय." दोन जुड्या दिल्या. पैसे नको म्हटलं तर चिऱ्यावर ठेवून गेल्या. त्या दिवसापासून आजपर्यंत रोजच्या दोन जुड्या त्यांच्याकडे जातात, पाहुणे असोत वा नसोत.

पण आम्हाला खरं बुडवलं ते वादळाने नाही, आमच्या हुशारीने. सगळीकडे नारळाच्या सोडणांचे, म्हणजे वरच्या सालींचे ढीग पडलेले. म्हटलं, कुंडीत भरायला विकतचं कोकोपीट, म्हणजे सोडणांचा भुसा कशाला? काथ्यासाठी कुजवतात तशी सोडणं खाडीत कुजवली, कुटली, वाळवली आणि अकराशे कुंड्या भरल्या. तीन आठवड्यांत पार्सलीच्या पानांच्या कडा जळाल्या, मग बेझिलच्या. आम्ही समजलो करपा रोग, आणि फवारे मारत बसलो. होतं ते मीठ, खाडीच्या पाण्यातून सोडणांत आलेलं. जाऊबाईंच्या पाटल्या पतपेढीत गेल्या त्या तेव्हा.

त्यानंतर साडेचारशे रुपयांचा टीडीएस मीटर घेतला, पाण्यातले क्षार मोजणारा. पेनासारखा आहे, टोपी तुटलीय, दोऱ्याने माझ्या कमरेला असतो. विकतचं कोकोपीटसुद्धा धुते, आणि निथळलेल्या पाण्याचा आकडा विहिरीच्या पाण्याच्या जवळ येईपर्यंत धूतच राहते. तुम्हीही घ्या. फवाऱ्याची एक बाटली कमी आणा आणि हा आणा. पुळणीची, म्हणजे समुद्रकाठची वाळू कुंडीत घालत असाल तर आजच थांबवा. आणि बेझिलची जुडी फ्रीजमध्ये ठेवू नका, काळी पडते. फुलदाणीसारखी पाण्यात उभी करा. हे मी गिऱ्हाइकांना दहा वर्षं सांगतेय, तरी काळी जुडी घेऊन भांडायला येतात.

आता आमची नक्कल करणाऱ्या एका गृहस्थांबद्दल. नाव घेत नाही, आमच्या पट्ट्यात सगळ्यांना ठाऊक आहे. 2022 च्या गणपतीनंतर आले, दोन दिवस राहिले, जाऊबाईंच्या हातचे मोदक खाल्ले. रोझमेरी पावसाळ्यात कशी टिकवता, हे तीनदा विचारलं. मी भाबडी, सगळं सांगितलं. निम्मी जांभ्याची बारीक खडी, थोडं भाताचं तूस, आणि आपली माती आंबट म्हणून तिसऱ्यांच्या (आपण खातो त्या) शिंपल्या धुऊन, कुटून. वर पत्र्याचं छप्पर, म्हणजे थेट पाऊस नको. त्यांनी वहीत लिहूनही घेतलं.

पुढच्या मे महिन्यात हमरस्त्यावर त्यांचा बोर्ड लागला, "कोकणातली पहिली हर्बवाडी". खाली आमच्याच चिऱ्याच्या वाफ्याचा फोटो, कडेला जाऊबाईंची झारीसुद्धा दिसते! बरं, वहीतलं केलं असतं तर मानलं असतं. पण नाही, रोपं घाटावरून टेम्पोने येतात, चिकट लाल मातीच्या पिशवीत. आर्द्रा लागल्या की मुळं गुदमरतात आणि रोझमेरी खालून काळी होत जाते. मग लोक म्हणतात, कोकणात हर्ब होतच नाहीत. त्याचा फटका आम्हाला. वर सब्जाचं रोप "इटालियन बेझिल" म्हणून विकतात, आमच्या निम्म्या भावात. जात एकच, मान्य, पण सब्जाचं पान अरुंद, वासाला उग्र, आणि इटालियनचं रुंद, वाटीसारखं फुगलेलं. अलिबागच्या एका शेफने ते चावून पाहिलं आणि फोन मला केला, ओरडायला! तीन हॉटेलं त्या वर्षी सुटली. दोन परत आली. तिसऱ्याचं मी विचारत नाही.

पाटल्या मागच्या दिवाळीत सुटल्या. जाऊबाई त्या घालत नाहीत, खुरप्याला अडकतात म्हणे.

गेल्या महिन्यात एक टेम्पो आला. ड्रायव्हरला तीस ट्रे ओरेगानो हवं होतं, "आमच्या साहेबांची रोपं मेली, पण ऑर्डर घेतलेली आहे." साहेब कोण ते त्याच्या टीशर्टावरच छापलेलं. जाऊबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी पूर्ण भाव लावला, रोख घेतले, आणि ट्रे आठ दिवसांत परत पाहिजेत असं बजावलं.

अजून आलेले नाहीत.