हवी की नको, हा आजचा प्रश्न नाही

पार्किंग या विषयावर मी केंब्रिजमध्ये जेवढं ऐकलंय, तेवढं शनिवार पेठेत वाढूनही ऐकलं नव्हतं. हे केंब्रिज बोस्टनच्या शेजारचं, हार्वर्ड आणि एमआयटीवालं. लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत, म्हणजे पुण्यातल्या एखाद-दीड प्रभागाएवढी. शिकलेली, समजूतदार, दारात 'इथे सगळ्यांचं स्वागत आहे' छापाच्या पाट्या लावणारी माणसं. पण घरासमोरची गाडी लावायची जागा जाणार म्हटलं की त्यांचा आवाज असा काही चढतो, की मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटतं.

निमित्त मॅसॅच्युसेट्स अ‍ॅव्हेन्यूचं. इथे त्याला सगळे 'मॅस अ‍ॅव्ह' म्हणतात. गावाच्या मधून जाणारा मुख्य रस्ता. दुकानं, बस, ट्रक, विद्यार्थी, सगळं त्यावरूनच. त्याच्या उत्तरेकडच्या भागात सायकलींसाठी वेगळी, आडोसा असलेली लेन करायची, काही ठिकाणी मधला दुभाजक काढायचा आणि बरंच पार्किंग उचलायचं, असं ठरलं होतं. त्याच्या एका सभेला मी गेले. नवरा रोज सायकलने कामाला जातो, बर्फातसुद्धा, त्यामुळे घरातून कोणीतरी जायला हवं होतं. तो अर्थातच ऑफिसच्या कॉलवर होता.

सभा सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल. एक गृहस्थ उठले आणि अगदी आपल्याकडच्या थाटात म्हणाले, "मुळात ही लेन हवी आहे कोणाला?" समोर नगरपालिकेची एक तरुण इंजिनिअर उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "हवी की नको, हा आजचा प्रश्न नाही. तो कायद्याने सुटलेला आहे. माल उतरवायची गाडी कुठे थांबेल, बसस्टॉप कुठे येईल, अपंगांसाठीची जागा कुठे ठेवायची, हे आज विचारायला आलोय."

मी थक्क झाले. सरकारी माणूस लोकांच्या तोंडावर 'हे तुम्हाला विचारणारच नाही' असं म्हणतो, आणि वर ते सौजन्याने म्हणतो!

घरी येऊन वाचत बसले. २०१६ मध्ये इथे दोन सायकलस्वार मेले, एक इनमन स्क्वेअरला आणि एक पोर्टर स्क्वेअरला. त्याच वर्षी गावाने 'व्हिजन झिरो' स्वीकारलं. रस्त्यावर एकही मृत्यू किंवा गंभीर जखम होऊ नये, हे धोरण. स्वीडनच्या संसदेने ते १९९७ मध्येच घेतलं होतं. धोरणं काय, सगळीकडेच असतात. केंब्रिजने पुढे जे केलं ते मला महत्त्वाचं वाटतं. २०१९ मध्ये त्यांनी सायकल सुरक्षेचा स्थानिक कायदाच केला. ज्या रस्त्याची मोठी पुनर्बांधणी निघेल आणि जो रस्ता सायकल आराखड्यात असेल, तिथे वेगळी लेन करायचीच, अगदी मोजके अपवाद सोडून. २०२० मध्ये त्यात दुरुस्ती करून साधारण २५ मैल लेन, म्हणजे ४० किलोमीटर, आणि त्या पुऱ्या करायची मुदत घातली. मग प्रत्येक चौकात नव्याने युद्ध करायचं कारण उरलं नाही. युद्ध एकदाच, सभागृहात, सगळ्यांदेखत. नंतर फक्त तपशील.

आणि तपशील म्हणजे केवढा! त्या सभेत शाळेच्या कॅन्टीनमधली टेबलं जोडून त्यावर रस्त्याचा नकाशा अंथरला होता, पंगतीला पत्रावळी मांडाव्यात तसा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यावर प्रत्येक झाड, प्रत्येक फायर हायड्रंट, प्रत्येक घराचा ड्राइव्हवे. लोक आपापलं घर शोधत टेबलाच्या कडेने सरकत होते. एका केशकर्तनालयाच्या म्हाताऱ्या मालकाने बोट ठेवून सांगितलं, माझी गिऱ्हाइकं ऐंशीच्या पुढची आहेत, त्यांची मुलं त्यांना दारात उतरवतात. त्या इंजिनिअरने पेनने तिथेच खूण केली, पाच मिनिटांची थांबायची जागा, कोपऱ्यावरच्या झाडाच्या अलीकडे. म्हातारबुवा म्हणाले, झाडाच्या अलीकडे नको, तिथे पाणी साचतं. तिने खोडून 'पाणी' असं लिहिलं. शेजारच्या बेकरीवाल्या बाईंनी पावाची गाडी पहाटे येते हे सांगितलं, तेही लिहून घेतलं.

मी पुण्याची. मला हे कौतुकाने बघावं की हसावं, कळेना. एका रस्त्यावर पांढरे प्लॅस्टिकचे खांब उभे करायचे, त्यासाठी केवढा हा सोहळा! आणि ते खांब तरी काय, हिवाळ्यात बर्फ काढणाऱ्या गाड्या निम्मे आडवे करतात. वसंतात परत नवे लावतात. आधी मोजणी: पार्किंगच्या जागा दिवसातून कुठल्या वेळी किती भरतात. मग सायकल समिती, पादचारी समिती, दोन्हींत सामान्य नागरिक. अपंगांसाठीचा वेगळा आयोग. दारोदार पत्रकं. मग सभा, मग सुधारलेला नकाशा, पुन्हा सभा. या सगळ्यात ऋतू उलटतात. हा भाग मला खरंच असह्य होतो. सगळ्यांना सगळं बोलू दिलं की ज्यांना भरपूर रिकामा वेळ आहे त्यांचंच ऐकलं जातं, हे इथेही दिसतं. सभेला येणारे बहुतेक घरमालक आणि पन्नाशीच्या पुढचे. रात्रपाळीला सायकलने जाणारा रेस्टॉरंटमधला पोरगा काही संध्याकाळी सात वाजता कॅन्टीनमध्ये नकाशा बघायला येत नाही.

इनमन स्क्वेअरची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. तो चौक इतका तिरका की कोणी कोणाला दिसत नाही. तो सुधारायला तिथल्या एका छोट्याशा सार्वजनिक बागेची जागा अदलाबदल करावी लागत होती. मॅसॅच्युसेट्सच्या राज्यघटनेत ९७वं कलम आहे: उद्यानाची जमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर राज्याच्या विधिमंडळात दोन-तृतीयांश मतं हवीत. एका चौकातल्या चार झाडांसाठी प्रकरण थेट राज्याच्या विधिमंडळात! झाडांवरून लोक भांडले, सायकलवाले झाडांच्या बाजूच्यांशी भांडले, दोघेही पर्यावरणप्रेमी. २०१६ मध्ये मृत्यू आणि प्रत्यक्ष काम सुरू व्हायला २०१९.

कायदा केला म्हणजे तो दगडावरची रेघ, असंही नाही. इथल्या कौन्सिलमध्ये नऊ सदस्य. २०२४ च्या वसंतात त्यांनी पाच विरुद्ध चार मतांनी लेन पुऱ्या करायची ती मुदत सहा महिने पुढे ढकलली, १ नोव्हेंबर २०२६ पर्यंत. कारण काय, तर तोवर खासगी पार्किंगच्या मोकळ्या जागा शेजाऱ्यांना वापरू देता याव्यात म्हणून नियम बदलायचे होते. कारण अगदीच वाईट नव्हतं. पण पुढच्याच जूनमध्ये, एकाच महिन्यात, ट्रकच्या धडकेत दोन सायकलस्वार गेले. त्या मतदानाचा आणि त्या अपघातांचा थेट संबंध जोडणं बरोबर होणार नाही, पण अशा वेळी लोक संबंध जोडणारच. आमच्या बिल्डिंगमधला एक शांत स्वभावाचा शेजारी त्या आठवड्यात कौन्सिलच्या सोमवारच्या बैठकीत बोलायला गेला. बोलणारे जास्त झाले की प्रत्येकाचा वेळ कापतात. त्याने अख्खी संध्याकाळ लिहून काढलेलं भाषण तिथे उभ्या उभ्या निम्मं करावं लागलं. तरी तो बोलून आला.

तू तिथे का नाही बोललीस, असं मैत्रिणीने फोनवर विचारलं. माझं इथे मत नाही, व्हिसावर आहे. बोलायला मत लागत नाही, कोणीही नाव नोंदवू शकतं, हे मला माहीत आहे. पण ज्या गावात आपण भाड्याने राहतो तिथल्या म्हाताऱ्याच्या दुकानासमोरची जागा काढा म्हणून सांगायला जीभ रेटत नाही. शिवाय आमच्या घरी गाडी आहे, तिला निवासी परवाना आहे, आणि ती रात्री रस्त्यावरच उभी असते. दोन्ही बाजूंनी आमचे हात अडकलेले.

आता पुणं. इथे बसून पुण्याला नावं ठेवणं मला आवडत नाही, ठेवणाऱ्यांशी मी भांडते. कागदावर आपण कोणाच्या मागे नाही. पुणे महापालिकेने पादचारी धोरण २०१६ मध्येच केलं. २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर झाला, त्यात आठशे किलोमीटरहून जास्त सायकल मार्ग आहेत. केंब्रिजचे चाळीस किलोमीटर त्यापुढे काय! जंगली महाराज रस्त्याचे रुंद फुटपाथ बघून इथल्या मित्रांना मी फोटो दाखवलेत आणि 'हे इंडिया आहे?' हे ऐकून छाती फुगवून घेतलीय. ११ डिसेंबरला लक्ष्मी रोड गाड्यांना बंद करून पादचारी दिन करतात, तसं मॅस अ‍ॅव्हवर करून दाखवा म्हणावं. आणि मे २०२५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तर चालायला फुटपाथ असणं हे घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सांगितलं. इथे एवढं काही कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

फरक पडतो तो आराखडा मंजूर झाल्यावर. आपल्याकडे आराखडा मंजूर होतो आणि भांडण तिथे सुरू होतं, इथे तिथे संपतं. आपल्याकडे प्रत्येक दुकानदार, प्रत्येक मंडळ, प्रत्येक रिक्षा स्टँड आपापल्या वीस फुटांपुरता आराखडा बदलून घेऊ शकतो, आणि बदललं कोणी हे कुठे लिहिलेलं नसतं. 'हरकती व सूचना' मागवल्याची जाहिरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर असते, सरकारी मराठीत, आणि ती वाचेपर्यंत मुदत संपलेली. त्यात मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत पुण्याला नगरसेवकच नव्हते. जवळपास चार वर्षं सगळा कारभार प्रशासकाच्या हातात. केंब्रिजच्या लोकांना हे सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. "मग तक्रार कोणाला सांगायची?" असं त्या शांत शेजाऱ्याने विचारलं. मी म्हटलं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. त्याला विनोद वाटला.

पण एक सांगते, आणि हे मी त्या सभेत सुद्धा मनात म्हणत होते. आपल्याकडे रस्त्यावर चालणारा माणूस अल्पसंख्य नाही. इथे सायकलवाल्यांना आपण आहोत हे आधी मोजून सिद्ध करावं लागतं. आपल्याकडे मोजायची गरजच नाही, सगळे चालतच असतात, फुटपाथवर नाही तर रस्त्याच्या मधून. एवढी माणसं असून त्यांच्यासाठी कोणी टेबलावर नकाशा अंथरत नाही, याचा राग मला तिथे बसून आला. तो राग मला केंब्रिजवर काढायचा होता की पुण्यावर, कोण जाणे.

बाबांना हे सगळं फोनवर सांगितलं. त्यांना कायदा, मुदत, पाच विरुद्ध चार, कशातच रस नव्हता. त्यांनी फक्त विचारलं, "तो नकाशा किती मोठा होता गं?" मग म्हणाले, आपल्या सोसायटीसमोरच्या फुटपाथचा असा करता येईल का. मी त्यांना एवढंच सांगितलं की इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आणि खालच्या मजल्यावरचे जोशीकाका मोजपट्टी घेऊन उतरले. विजेच्या डीपीपाशी मोजलं, झाडाच्या पारापाशी मोजलं, रसवंतीच्या बाकापाशी मोजलं. रसवंतीवाल्याने दोघांना रस पाजला आणि बाक आपणहून एक फूट मागे घेतला. पेन्सिलने काढलेला नकाशा आता नव्या नगरसेवकांकडे जाणार आहे. आईचं म्हणणं, त्यात रसवंती दाखवू नका. बाबा म्हणतात, दाखवायची, पण बाक मागे घेतल्यानंतरची.