कापसाची खोली आणि स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर

दिवाळीनंतर यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या घरी मी एक जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणि ८ ओहमचे दोन स्पीकर आणले. ते स्लॅबच्या खोलीत मांडले आणि पहिल्याच संध्याकाळी निराश झालो. सिमेंटच्या भिंती आणि खाली गुळगुळीत फरशी असल्यामुळे भजनातील एक शब्द विरायच्या आत दुसरा त्यावर येऊन आदळत होता. दोष अ‍ॅम्प्लिफायरचाच असावा असे समजून मी वायरी तपासल्या. एका स्पीकरची लाल आणि काळी वायर उलट जोडलेली निघाली. दोन्ही स्पीकरचे पडदे विरुद्ध दिशांना हलत असल्यामुळे खर्ज जवळजवळ नाहीसा झाला होता. ते दुरुस्त केल्यावर ढोलक भरदार वाजू लागली, पण घुमारा तसाच राहिला.

पुढे वेचणीचा कापूस घरात आला आणि भाव वाढण्याची वाट पाहत डाव्या भिंतीशी त्याचा छातीभर ढीग लागला. त्या रात्री तोच अ‍ॅम्प्लिफायर लावला तेव्हा गायकाचा श्वाससुद्धा वेगळा ऐकू आला. सिमेंटची भिंत आवाज जवळजवळ पूर्ण परत फेकते. कापसाच्या तंतूंमधून जाताना मात्र हवेची कंपने घर्षणाने उष्णतेत विरतात, आणि ढीग जितका जाड तितके खालचे सूरही तो अधिक शोषतो. एक अडचण मात्र उरली. उजवी भिंत उघडीच असल्यामुळे मधोमध ऐकू यायला हवा असलेला गळा तिकडे सरकत होता. आईने जुनी वाकळ काढून दिली, ती मी उजव्या भिंतीवर टांगली आणि गळा मध्यभागी आला. दोन स्पीकरमध्ये सात फूट अंतर आणि बसण्याची जागा प्रत्येक स्पीकरपासून तितकीच दूर, ही मांडणी या खोलीत मला सर्वांत योग्य वाटली.

कापूस असलेल्या खोलीत वीज वापरताना मात्र कोणतीही हयगय नको. अ‍ॅम्प्लिफायर वाजताना तापतो, म्हणून तो ढिगापासून दूर, समोरच्या भिंतीजवळच्या लोखंडी टेबलावर ठेवला आहे. त्याच्या वर वीतभर जागा मोकळी असते, त्यावर रुमाल घालण्यास घरात सर्वांना मनाई आहे आणि ऐकणे संपले की प्लग काढला जातो.

उन्हाळ्यात अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येऊ लागल्या आणि स्पीकरमधून सतत बारीक गुणगुण ऐकू येऊ लागली. गावातील वायरमनकाका बोर्ड उघडण्याआधी अंगणात गेले आणि म्हणाले, "भाऊ, आधी अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाका." आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते, तिला भेगा पडतात आणि खड्ड्यात पुरलेल्या अर्थिंगच्या सळईचा मातीशी असलेला संपर्क कमी होतो. काकांनी सैल झालेला जोड घट्ट केला आणि खड्ड्यात कोळसा, मीठ व दोन बादल्या पाणी टाकले, तेव्हा झिणझिण्या आणि गुणगुण दोन्ही थांबल्या. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची तिसरी, म्हणजे अर्थिंगची पिन कापून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो जिवावर बेतू शकतो, कृपया कोणीही ऐकू नये.

व्होल्टेजचा प्रश्न आमच्या हातचा नाही. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळू लागले की साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅम्प्लिफायरची कमाल शक्ती साधारण ६० टक्क्यांवर येते आणि आवाज वाढवताच तो फाटू लागतो. अशा वेळी मी आवाज कमी करतो, किंवा शेतांतले विजेचे पंप बंद झाल्यावर रात्री उशिरा ऐकतो.

मार्चमध्ये कापूस विकला गेला आणि घुमारा लगेच परत आला. आता डाव्या भिंतीवर दुसरी वाकळ आणि फरशीवर सतरंजी आहे. कापसाइतका खोलवर परिणाम त्यांचा होत नाही, पण खंजिरीच्या थापेमागून तिच्या चकत्यांची किणकिण पुन्हा स्वतंत्र ऐकू येते.