गोळी बरी की गांजा? आमच्या घरातलं फोनवरचं भांडण

आमच्याकडे हा वाद बरेच दिवस फोनवर चालला होता. एका बाजूला मी, सातपूरच्या कंपनीत अकाउंट्स बघणारी, पर्समध्ये अल्प्राझोलम या टेन्शन-झोपेच्या गोळीची स्ट्रिप, आणि दुसऱ्या बाजूला टोरांटोतला मावसभाऊ, त्याच्या फ्रीजमध्ये गांजाच्या गमीज, म्हणजे चघळायच्या जेली. तो म्हणायचा, "ती केमिकलची गोळी सोड गं, हे झाडाचं आहे, नॅचरल." मी म्हणायचे, "दादा, धोतरा पण झाडाचाच असतो."

दोघांची कारणं वेगळी. कसारा घाटात आमच्या गाडीला मागून कंटेनरने ठोकलं होतं, हाड जुळलं, प्लास्टर निघालं, पण ट्रकच्या एअरब्रेकचा तो फुस्स आवाज डोक्यातून जाईना. अंबड लिंक रोडला सिग्नलवर उभं असताना मागे ट्रक थांबला की माझे हात गार पडायचे. मुंबईला जायचं तर पंचवटी एक्सप्रेसने जायचे, ती पण कसाऱ्यातूनच उतरते म्हणा, पण निदान मागून कोणी येत नाही. आणि दादाचं म्हणजे २०२१ च्या एप्रिलमध्ये काका गेले, नाशिकमध्ये तेव्हा बेडसाठी काय पळापळ होती ते इथल्या माणसाला सांगायला नको, आणि हा तिकडे व्हिडिओ कॉलवर. त्याला ती शेवटची स्क्रीन स्वप्नात दिसायची.

मला जवळच्या एका डॉक्टरांनी ०.२५ मिलिग्रॅमची लिहून दिली, रात्री एक, "झोप लागेल, टेन्शन घेऊ नका". आणि खरंच सांगते, लागली. या गोळ्यांना नावं ठेवणारे हे सांगत नाहीत की पहिल्या रात्री ती गोळी देवासारखी वाटते. मेंदूत गाबा म्हणून जे ब्रेक लावणारं रसायन असतं त्याचा जोर ती वाढवते, अर्ध्यापाऊण तासात छातीवरचं ओझं उतरतं. याच फॅमिलीतलं डायझेपाम १९६३ साली बाजारात आलं, आणि ही सगळी फॅमिली याच कामावर आहे, नावं बदलतात, कोणी लवकर उतरतं कोणी उशिरा, एवढंच. अल्प्राझोलम साधारण अकरा तासांत निम्मं उतरतं. म्हणून मला नंतर नंतर पहाटेच जाग यायची, धडधडत, आणि मला वाटायचं बघ माझी भीती किती वाढलीये. ती बरीचशी गोळी उतरल्याची धडधड होती हे नंतर कळलं.

२०१४ पासून अल्प्राझोलम एच१ शेड्यूलमध्ये आहे, म्हणजे मेडिकलवाल्याने वेगळ्या रजिस्टरमध्ये पेशंटचं, डॉक्टरचं नाव लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं असा नियम. आपल्याकडे ओळख निघाली की जुनी चिठ्ठी बघून पण स्ट्रिप काउंटरवर येते, सोबत "ताई, अजून काही?"

आता दादा. कॅनडात २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे, खायच्या प्रकारात एका पाकिटात जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम टीएचसी (गांजातला अंमल आणणारा घटक), वर आकडा छापलेला. तो अर्धी गमी रात्री घ्यायचा. त्याचं म्हणणं सरळ होतं, झोप लागते, स्वप्नं पडत नाहीत, सकाळी तुझ्यासारखं जड होत नाही. यात खोटं काही नव्हतं. टीएचसीने स्वप्नांची झोप कमी होते असं दिसलंय, आणि ज्याला रोज रात्री तेच स्वप्न पडतं त्याला यापेक्षा दुसरं काय पाहिजे.

मग तो गेल्या वर्षी लग्नाला नाशिकला आला, अर्थातच गमीज तिकडेच ठेवून, कारण इथे १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा आणि चरस दोन्ही आहेत. दोन-तीन दिवसांत माणूस बदलला. जेवण जाईना, कोणी काही विचारलं की वसकन अंगावर यायचा, आणि रात्री स्वप्नं, ती पण आधीपेक्षा भारी, रंगीत, लांबलचक. मावशी सगळ्या पाहुण्यांना सांगत होती जेट लॅग आहे त्याला. रोजचा गांजा अचानक थांबवला की हे होतं, पहिल्या आठवड्यात जास्त, मग हळूहळू ओसरतं. दाबून ठेवलेली स्वप्नं वसुलीला येतात.

त्यात एका मित्राने त्याला गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला नेलं आणि कुठून तरी आणलेली गांजाची पुडी काढली. दादाला वाटलं आपल्याला सवय आहे. थोड्या वेळाने त्याचा मला फोन, "मला हार्ट अटॅक येतोय बहुतेक." मी गेले तर हा गाडीच्या बोनेटला टेकून स्वतःची नाडी मोजतोय, ओठ कोरडे, आणि एकच प्रश्न पुन्हा पुन्हा, किती वाजले. अटॅक वगैरे काही नव्हता, पॅनिक होता, पण ते दुसऱ्या दिवशी ईसीजी काढल्यावर कळलं, त्या क्षणी माझीच पर्समधल्या स्ट्रिपकडे हात जायची वेळ आली होती. (त्याला दिली नाही. अशा अवस्थेत वर आणखी गुंगीची गोळी नको एवढी अक्कल होती.)

ही गोष्ट नुसती गंमत म्हणून सांगत नाही. शिकागोमध्ये २०१७ साली एक प्रयोग झाला, लोकांना टीएचसी दिलं आणि मग अनोळखी माणसांपुढे भाषण आणि तोंडी गणितं करायला लावली. ७.५ मिलिग्रॅम घेतलेल्यांचा ताण कमी झाला. १२.५ वाल्यांचा मूड उलट बिघडला. एवढासाच फरक! कॅनडातल्या पाकिटावर निदान आकडा असतो, पुडीवर काय लिहिलंय? आणि "भांग चालते की, महादेवाचा प्रसाद" म्हणणाऱ्यांसाठी, महाशिवरात्रीला कपालेश्वराच्या आसपास थंडाईच्या नावाखाली काय काय फिरतं ते पंचवटीतल्यांना माहितीये, पण एनडीपीएसमधून भांगेची नुसती पानं सुटली तरी महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखाली भांगेला परवाना लागतो, आणि ग्लासात किती गेली ते घोटणाऱ्यालाही सांगता येत नाही. येत्या कुंभात चिलमी बघून हा विषय परत निघेलच.

माझी पाळी दिवाळीत आली. मेडिकल बंद, स्ट्रिप संपलेली, आणि मी म्हटलं बघू तरी. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, फटाक्याच्या प्रत्येक आवाजाला मी अक्षरशः उडत होते, घाम, मळमळ. नंतर डॉक्टर म्हणाल्या की माझा डोस छोटा होता म्हणून एवढ्यावर निभावलं, जास्त डोस बरेच महिने घेणाऱ्याने एकदम बंद केलं तर फिट येऊ शकते, जीवावर बेतू शकतं. या बाबतीत गोळी गांजापेक्षा नक्की जास्त धोक्याची आहे आणि हे मी दादाला मान्य केलं. अमेरिकेत औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या एफडीएने २०२० मध्ये या सगळ्या गोळ्यांवर सवय लागण्याचा आणि बंद करताना होणाऱ्या त्रासाचा चौकटीतला इशारा टाकायला लावला. त्याने पण मान्य केलं की घरात कोणाला सायकोसिस (भास-भ्रम होणारा आजार) झालेला असेल तर त्या माणसाने गांजाच्या वाटेला जाऊ नये.

मग मी सायकियाट्रिस्टकडे गेले (आईचं "तसं काही नाहीये तुला" हे ऐकून घेऊनच). मी आपला आमचा वाद त्यांच्यापुढे मांडला, मॅडम दोन्हीपैकी बरं काय? त्या हसल्या. म्हणाल्या, "तुम्ही गोळी घेऊन घाटातून गेलात आणि सुखरूप पोचलात, तर तुमचा मेंदू काय शिकला? घाट सेफ आहे, की गोळी होती म्हणून वाचलो?"

मी याचा कधी विचारच केला नव्हता. मी दर वेळी निघायच्या आधी अर्धी गोळी घ्यायचे आणि दर वेळी माझी घाटाची भीती जशीच्या तशी राहायची, उलट गोळी घरी राहिली तर काय ही एक नवी भीती वाढली. दादाचं तेच, गमीने स्वप्न येत नव्हतं पण काकांचं जाणं तिथेच बसून होतं. ट्रॉमाच्या उपचारात ती आठवण जागेपणी, शुद्धीत, थोडी थोडी हाताळायची असते, म्हणजे मेंदूला कळतं की ते होऊन गेलं. गुंगीत हे शिकणं होत नाही. म्हणून तर अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या पीटीएसडीसाठीच्या (ट्रॉमानंतर मागे राहणाऱ्या अशाच त्रासासाठीच्या) २०२३ च्या गाइडलाइनमध्ये दोन्हींना नाही म्हटलंय, या गोळ्यांनाही आणि गांजालाही. २०२१ मध्ये तिथल्याच ८० माजी सैनिकांवरच्या प्रयोगात तीन प्रकारचा गांजा ओढायला दिला होता आणि एका गटाला अंमल नसलेला, तर बरं सगळ्यांनाच वाटलं, नकलीवाल्यांना पण. फरक दाखवण्याइतका निघाला नाही. त्या गाइडलाइनमध्ये आधी ट्रॉमावरची थेरपी आहे, आणि औषधांत सर्ट्रालीन, पॅरोक्सेटीन, व्हेनलाफॅक्सीन ही डिप्रेशनवर पण देतात ती औषधं. यांना काही आठवडे लागतात आणि पहिल्या रात्री देवासारखं वगैरे काही वाटत नाही, लोक तिथेच सोडतात.

माझं असं झालं की अल्प्राझोलमच्या जागी सावकाश उतरणारं क्लोनाझेपाम आलं आणि मग तेही पाव पाव करत कमी केलं. ती गोळी एवढीशी, ब्लेडने कापायला गेलं की एक तुकडा उडून मिक्सरच्या मागे, उरलेल्याची पूड, शेवटी मेडिकलमधून गोळी कापायची डबी आणली. सोबत सर्ट्रालीन आणि कॉलेज रोडला थेरपिस्ट. आधी नुसता एअरब्रेकचा आवाज मोबाइलवर ऐकायचा, मग घोटीपर्यंत जाऊन परत, मग इगतपुरी, मग नवरा गाडी चालवतोय आणि मी घाटात काच खाली करून बसलेय. पूर्ण गेली का भीती, तर नाही, कंटेनर मागे चिकटला की मी अजून आरशात बघत राहते. पण पर्समध्ये स्ट्रिप नसते. दादाने तिकडे ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली वापरून करायची ट्रॉमाची थेरपी) सुरू केलंय, गमीज पूर्ण सुटलेल्या नाहीत, शनिवारी घेतो म्हणतो, मी काही बोलत नाही.

ज्यांचं यातलं काही चालू असेल त्यांना एकच सांगायचंय, गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, आणि डॉक्टर "आणखी काही घेता का" विचारतात तेव्हा गांजा, भांग, दारू जे असेल ते सांगा, कारण गुंगीवर गुंगी चढते आणि काही औषधं गांजातल्या सीबीडी या दुसऱ्या घटकामुळे रक्तात जास्त वेळ राहतात. आपल्याकडे लोक पोलिसांच्या भीतीने गप्प बसतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क कलम २३ मध्ये आहे, मोजके अपवाद सोडून. सोबत घरचं माणूस असेल तर त्याला दोन मिनिटं बाहेर बसायला सांगा, डॉक्टर स्वतःच सांगतात बऱ्याचदा. आणि कोणाकडे जायचं तेच कळत नसेल तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.