कळशीतलं पाणी

मित्राने ओढून नेलं म्हणून गेलो. नाटकाचा प्रयोग एका शाळेच्या वर्गात होता. बाकं व्हरांड्यात, आम्ही सतरंजीवर, आणि आवाज नको म्हणून पंखे बंद. एप्रिलचं सोलापूर आणि पंखे बंद! प्रायोगिकता इथूनच सुरू झाली असं मी धरून चाललो.

माझी नाट्यभक्ती म्हणजे हुतात्मा स्मृती मंदिरात तिकीट काढून बसायचं, मध्यंतरात वडा खायचा आणि घरी येईपर्यंत नटांच्या नकला करायच्या. इथे मध्यंतरच नव्हतं. एक मुलगी रिकाम्या हातांनी, कमरेवर नसलेली कळशी घेऊन या भिंतीकडून त्या भिंतीकडे खेपा घालत होती. संवाद नाही, संगीत नाही.

‘‘कळायलंय का बे काय?’’ मित्र कुजबुजला. मी मान हलवली. होकार की नकार, ते त्यालाही कळू नये अशी.

तसं पीना बाऊश या जर्मन नृत्यदिग्दर्शिकेचं ‘काफे म्युलर’ (१९७८) हे नृत्यनाट्य मी मोबाइलवर पाहिलंय. खुर्च्यांनी भरलेल्या खोलीत बाई डोळे मिटून चालते आणि एक माणूस तिच्या वाटेतल्या खुर्च्या भराभर बाजूला सारतो. नाच राहिला बाजूला, मी त्या माणसाकडेच बघत बसलो. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत असा एक काका असतोच. बाऊशची मंडळी जर्मनीतल्या वुपर्टालची. तेही कापडगिरण्यांचं गाव. सुरुवातीच्या काळात तिथले प्रेक्षक दारं आपटून निघून जात, हे वाचून मला फार धीर आला होता.

पण आम्हाला शब्दांशिवाय कळत नाही, हे मात्र मान्य नाही. आमच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पांढऱ्या बाराबंदीतला माणूस उंच, जड काठीचा नंदीध्वज पेलत निघतो तेव्हा ‘याचा अर्थ काय’ असं कोण विचारतं? सगळ्यांची नजर त्याच्या कमरेवर आणि पावलांवर. ध्वज जरा कलला की रस्ताभर श्वास अडकतो.

सहाव्या खेपेला मी घड्याळ पाहिलं. आठव्या खेपेला तिचं मनगट दिसलं. कळशीच्या काठाखाली वळवलेलं, भाराने ताठ झालेलं. घामाने कुर्ता पाठीला चिकटलेला. आता ती एक खांदा पाडून चालत होती, माझी आई चालायची तशी. त्या वेळी आमच्याकडे नळाला चार दिवसांआड पाणी यायचं.

दहाव्या खेपेला तिचा पाय अडखळला आणि कळशी हिंदकळली. नसलेलं पाणी आमच्या पुढ्यात सांडलं. माझ्या शेजारच्या काकूंनी पटकन पाय आखडले आणि साडीचा काठ वर उचलला. मग स्वतःच ओशाळून तो पुन्हा खाली सोडला. मित्राला मी कोपराने ढोसलं, पण तो मुलीकडे बघत होता. चुकला बिचारा.

तेवढ्यात काकूंच्या पिशवीतला फोन थरथरला. पदराआड धरून त्या हळूच बोलल्या, ‘‘आलं का? मोटर लाव. आले, आले मी.’’ मग माझ्याकडे वळून, जणू परवानगीच हवी होती अशा, ‘‘पाणी आलंय हो घरी.’’

चपला हातात घेऊन त्या वाकून दाराकडे निघाल्या. वाट सरळ होती, तरी जिथे पाणी सांडलं होतं तिथे येताच त्या थबकल्या आणि तेवढी जागा वळसा घालून गेल्या.